भायखळ्यापर्यंतचा युरोप

आमची युरोपची सहल एका मंगळवारी सकाळी साडेनऊला दादरहून निघाली आणि भायखळ्याच्या पुढे काही गेली नाही. तरी मी तिला सहलच म्हणणार, कारण तयारी सगळी सहलीची होती. पहाटे उठून थालीपिठं लावली. पाण्याच्या दोन बाटल्या, दोन टोप्या, नॅपकिन, गोळ्यांची डबी आणि कपाटात धूळ खात पडलेला कॅमेरा असं सगळं पिशवीत कोंबलं.

"कुठे नेतेयस?" यांनी विचारलं.

"युरोपला."

"शैला, सकाळी सकाळी चेष्टा नको."

"चेष्टा कसली? टॅक्सी खाली येऊन उभी आहे."

हे म्हणजे माझे यजमान, श्रीधर. पस्तीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून नकाशे काढले. लोकांच्या इमारतींचे जिने नि संडास काढता काढता माणसाला वेड लागलं ते गॉथिक चर्चचं. टोकदार कमानी, आकाशाला भिडणारं छत, रंगीत काचा. निवृत्त झाल्यावर दोघांनी फ्रान्सला जायचं, तिथली चर्चं बघायची, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. गेल्या वर्षी खरोखर तिकिटं काढली, व्हिसा आला, माझे लोकरीचे मोजेसुद्धा आणून झाले. आणि जुलैत यांना अर्धांगाचा झटका आला.

वाचा महिन्याभरात परत आली, हातही बराच सुधारला. उजवा पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, पण तळव्याला काही म्हणजे काही कळेना. खाली टाचणी आहे की गादी, पत्ता नाही. म्हणून घरातसुद्धा उजव्या पायात प्लॅस्टिकचा आधार आणि त्यावर पट्ट्यांचा जाड बूट. फिजिओथेरपीला कल्याणी नावाची मुलगी रोज यायची. फ्रीजमधला गार चमचा तळव्याला लावून विचारायची, "काका, डोळे मिटा. काय जाणवतंय?"

"काही नाही."

आठ महिने हेच. शेवटी शनिवारी यांनी तिला हात जोडले. "बाळ, उद्यापासून येऊ नकोस. तुझाही वेळ जातो, माझाही." लिफ्टपाशी ती मला हळूच म्हणाली, "काकू, मी बुधवारी एकदा येते. तेव्हाही काका नको म्हणाले तर थांबवू. पण खरं सांगू, एवढ्यात सोडायला नको होतं." पोरीचे डोळे भरले होते. माझं तर काय विचारूच नका. एकदा का व्यायाम सुटला की हा माणूस खुर्चीत बसेल आणि खुर्चीतच राहील, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मंगळवारची ही सहल. चर्च बघून पाय बरा होतो असं मला मुळीच वाटत नव्हतं. निदान माणूस घराबाहेर पडेल, एवढंच.

टॅक्सीवाल्याला मी पुलाखालून घ्यायला सांगितलं. पुलावरून गेलं की परळ-लालबाग दिसतच नाही, आणि टुरिस्टाने सगळं बघायचं असतं. परळला यांनी गिरणीची एक उरलेली चिमणी बोटाने दाखवली. लालबागला मसाल्याच्या दुकानांतून मिरचीचा असा खकाणा (नाकात झोंबणारी पूड) आला की आम्ही दोघं आणि टॅक्सीवाला, तिघंही शिंकत सुटलो. हे शिंकता शिंकता हसले. मी मनात म्हटलं, चला, सुरुवात तरी बरी झाली.

पण टॅक्सीवाल्याने सोडलं ते भायखळ्याच्या चर्चच्या मागच्या फाटकाशी, आणि फाटकाला हे एवढं कुलूप. टॅक्सी तोवर निघून गेलेली. मार्चचं ऊन, हातात पिशवी, दुसऱ्या हातात यांचं कोपर, आणि कुंपणाला अख्खा वळसा. "तुझ्या युरोपात सावली नाही वाटतं," हे पुटपुटले. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

कोपरा वळलो आणि दोघंही थांबलो. काळपट पिवळ्या दगडाचा मनोरा थेट वर गेलेला. त्यावर बारीक टोकं, मधोमध लांबट खिडक्या, दारावर कमानीत कमान, तिच्या आत आणखी एक कमान. जन्म माझा गिरगावात गेला, या रस्त्यावरून बसने हजारदा गेले असेन. लग्नाला जाताना, हळदीकुंकवाला जाताना, आईला दवाखान्यात नेताना. हे चर्च मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. दारात तीन पायऱ्या होत्या. पायऱ्या चढलो, आणि मी सवयीने चपला काढल्या. यांना कट्ट्यावर बसवलं, खाली वाकून डावी चप्पल काढली, उजव्या बुटाच्या पट्ट्या सोडल्या, आतला प्लॅस्टिकचा आधार काढला, मोजाही काढला. चांगली सात-आठ मिनिटं माझं हे चाललं होतं. देवाच्या दारात आपला हात आधी पायाकडेच जातो, त्याला विचार लागत नाही. यांनीही मुकाट्याने पाय पुढे केला.

"अहो मॅडम, हे काय करताय?" आतून एक सत्तरीचे गृहस्थ लगबगीने आले. अंगात पांढरा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. "हितं चपला नाय काढत. बूट घालून बिनधास्त यायचं."

तेव्हा कुठे मला आठवलं. कल्याणीने बजावून ठेवलं होतं, उजवा पाय उघडा टाकू द्यायचा नाही, काही लागलं तर काकांना कळणार नाही. "अहो, थांबा, परत घालते," म्हणत मी बूट उचलला.

"परत सात मिनिटं?" हे खेकसले. "राहू दे. आता काढलेत ना? मी असाच येतो."

"सायेब, काय टेन्शन नाय," ते गृहस्थ म्हणाले. "फरशी मी सकाळीच पुसलीय. चपला मी ठेवतो ना नीट." त्यांचं नाव पास्कल. चर्च उघडणं, झाडणं, घंटा वाजवणं, सगळं त्यांच्याकडे. वडील गिरणीत होते, सगळं बालपण डिलाईल रोडच्या चाळीत. "गणपतीत आमच्या मजल्याची ढोलकी आपल्याकडंच," त्यांनी वर सांगून टाकलं.

आत शिरलो आणि उन्हातून आल्यामुळे क्षणभर काही दिसेना. मग हळूहळू छत दिसायला लागलं. खांब वर जाऊन फांद्यांसारखे फुटले होते आणि एकमेकांना मिळाले होते. वेदीवर (पुढच्या पूजेच्या चौथऱ्यावर) जांभळं कापड होतं. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस म्हणून जांभळं, पास्कलभाऊंनी सांगितलं. डावीकडच्या काचांतून लाल-निळा उजेड बाकांवर पडला होता.

यांच्या तोंडाकडे पाहिलं तर चेहरा कोरा. मग मी गाइड झाले. "मंडळी, लक्ष द्या! या गोल कमानी पोर्तुगीजांनी बांधल्या..."

"गोल?" हे म्हणाले. "डोळे फुटलेत का तुझे? टोकदार आहेत त्या."

"आणि हे खांब केवळ शोभेचे..."

"शोभेचे! अगं, सगळं वजन त्यांच्यावर उतरतं. कमान टोकदार केली म्हणजे भार खाली जातो, भिंती पातळ ठेवता येतात, म्हणून तर एवढ्या खिडक्या! पस्तीस वर्षं तुला काय शिकवलं मी?"

बस्स. मला एवढंच हवं होतं. आठ महिन्यांत हा माणूस एका दमात इतकी वाक्यं बोलला नव्हता. मधल्या वाटेवर लाल गालिचा होता. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, असे हे त्यावरून निघाले आणि बोलत सुटले. मी त्यांच्या प्रत्येक पावलाआधी खाली बघत होते, कुठे खिळा नाही ना, काच नाही ना. पास्कलभाऊ मागून कौतुकाने ऐकत होते. खांब जवळून बघायचा म्हणून हे गालिच्यावरून बाजूच्या फरशीवर उतरले. आणि बोलता बोलता थांबले.

"शैला, इथे पाणी सांडलंय का?"

मी खाली पाहिलं. "नाही हो."

"ओलं लागतंय."

"नाय सायेब," पास्कलभाऊ म्हणाले, "सकाळी पुसलंय, कवाच सुकलंय."

मी वाकून हात लावला. दगडी लादी, कोरडी ठणठणीत. पण गार! सावलीतली, कित्येक वर्षं ऊन न पाहिलेली लादी. मी तशीच वाकलेली राहिले. वर बघायचा धीर होईना.

"कुठल्या पायाला लागतंय?" मी विचारलं.

हे स्वतःच्या पायांकडे बघायला लागले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "उजव्या."

मी तिथेच फतकल मारून बसले आणि रडायला लागले. चर्चमध्ये, फरशीवर, हातात थालीपिठांची पिशवी.

"रडतेस काय? लोक बघतायत."

"कुठले लोक? बघू देत!"

पास्कलभाऊंना आधी वाटलं माझ्या पायात कळ आली. त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या आणि बाह्या सरसावल्या. "मग टेस्ट घेऊ या ना! सायेब, डोळे मिटा." त्यांनी एका बाजूने यांना धरलं, मी दुसऱ्या बाजूने. कधी गालिच्यावर, कधी लादीवर.

"आता?"

"गार."

"आता?"

"नाही गार. गालिचा."

"आता?"

"...गालिचा."

"नाय, लादी हाय."

"एक चुकलं," हे म्हणाले, आणि लहान मुलाने पेपरात मार्क मागावेत तसे म्हणाले, "पण तिनात दोन बरोबर."

जाताना पास्कलभाऊंनी मेणबत्ती आणून दिली. मी यांच्या हातात दिली. यांचं देवाशी फारसं जमत नाही, ना आपल्या, ना दुसऱ्यांच्या. "कुणाच्या नावाने लावू?" यांनी विचारलं.

"तुमच्या मनात येईल त्याच्या."

"ज्या गवंड्याने ही लादी बसवली, त्याच्या," म्हणाले आणि उजव्या हाताने लावली. झटक्यात गेलेल्या त्याच हाताने.

बाहेर झाडाखाली बाकावर डबा उघडला. पास्कलभाऊंनी थालीपीठ खाल्लं आणि स्वतःच्या डब्यातले फुगे (आंबवलेल्या मैद्याचे छोटे गोल तळलेले पाव) आम्हाला दिले. लोण्याची डबी मी नेलीच होती. फुग्याला लोणी लावून खाण्यासारखं सुख नाही, हा शोध फ्रान्सला जाऊन लागला नसता. "सायेब, परत या," पास्कलभाऊ म्हणाले. "आन् चपला काढूनच या." यांना बूट मी तिथेच घातला, रस्त्यावर उगाच जोखीम कशाला?

परतताना लालबागला उतरून चिवडा घेतला, सहलीहून रिकाम्या हाताने कोण येतं? घरी आल्यावर यांनी बूट काढायला लावला. मी नको नको म्हणत असताना काठी टेकत सगळं घर फिरले. मोरीशी उभे राहून ओरडले, "इथे जरासं!" बाल्कनीतून ओरडले, "इथे काही नाही!" मी मागे मागे फिरत होते, रागावतही होते आणि हसतही होते.

मला चमत्कार वगैरे म्हणायचं नाही. कल्याणी म्हणते, संवेदना आतून कधीपासून परत येत असणार, आपल्याला कळायला निमित्त लागलं. असेल तसं. पण आम्ही आठ महिने हा पाय जपून जपून बुटात कोंडून ठेवला होता, आणि तो उघडा पडला माझ्या एका खुळ्या सवयीने. फ्रान्सची तिकिटं रद्द झाली, त्याचं मला फार वाईट वाटायचं. आता तेवढं वाटत नाही. जाऊ कधीतरी. चर्चं काय, ती कुठे पळून जातात?

बुधवारी कल्याणी आली. मी तिला काही सांगितलं नाही, यांनी दटावून ठेवलं होतं. फ्रीजमधला चमचा तिने तळव्याला लावला आणि नेहमीसारखं, पण जरा घाबरतच विचारलं, "काका, काय जाणवतंय?"

यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "गार आहे. पण भायखळ्याइतकं नाही."