‘थांब जरा’ लिहिलेली फळी

शारजाच्या औद्योगिक भागात एक रिपेअरवाला आहे, चिपळूणकडचा. नाव मी कधी विचारलंच नाही. मशीनचा सर्किट बोर्ड हातात आला की तो आधी चिपवर अंगठा ठेवतो, नाडी बघावी तसा. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या बोर्डाची सुरू व्हायची रीत वेगळी. कंपनी बुडाली की तिचं सॉफ्टवेअर मिळायचं बंद, म्हणजे बोर्डही गेला. असले बोर्ड तो ‘थांब जरा’ लिहिलेल्या फळीवर ठेवी. कामगार कॅम्पात मी चालवतो त्या मेसच्या चपाती मशीनचा बोर्डही तिथेच होता, आणि कॅम्पातली माणसं भाताला विटली होती.

परवा त्याने त्यात सगळ्यांना खुलं असलेलं फर्मवेअर, म्हणजे बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर भरलं, कुठल्याही बोर्डाला चालणारं एकच मेमरी कार्ड लावलं. स्क्रीन उजळली.

“बोर्डानं जागं कसं व्हायचं, एवढं सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं, शेठ. भांडणच खलास!”

आज गरम चपात्या घेऊन गेलो. फळीवरचे बोर्ड दुरुस्त होऊन आपापल्या मशीनांत गेले होते. तिथे त्याची चहाची किटली बसली होती.