ओलं लोकरी कापड

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर सकाळपासून धुकं होतं. समुद्र दिसेना, म्हणून मी सहलीच्या बसची सीट आपटून म्हाताऱ्या ड्रायव्हरशी भांडलो, निम्मे पैसे परत मागितले. त्याने बस आपल्या घराकडे वळवली आणि आम्हाला एका लांब टेबलाभोवती बसवलं.

टेबलावर ओलं लोकरी कापड होतं. वीण घट्ट व्हावी म्हणून गाणं म्हणत ते आपटायचं आणि तालावर शेजाऱ्याकडे सरकवायचं, ही त्याच्या पूर्वजांनी स्कॉटलंडहून आणलेली रीत.

"आपटा आता. त्यात तुमचा हात कोण धरणार?" माझी बायको म्हणाली.

कापड माझ्यापुढे आलं. माझा जन्म कापडाच्या धंद्यात गेला. हाती आलेलं आधी पारखायचं, मग सोडायचं, असं करतच मी वर आलो. सवयीने ते धरून ठेवलं आणि चिमटीत चोळून पोत पाहू लागलो. ताल तुटला. गाणं थांबलं.

म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. त्याने माझ्यासाठी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"अहो, धुकं गेलं. समुद्र बघा," बायको कुजबुजली.

मला मान वर करवेना. मी कापड पुढे सरकवत राहिलो.