नागोजींचं गाऱ्हाणं आणि लंकेची पोरगी

माझे सासरे नागोजी यांच्याइतकं रोखठोक मागणं मागणारा माणूस मी पाहिलेला नाही. आमचं गाव जांबोटीच्या अलीकडं, रानातलं. कुणाची म्हैस हरवली, कुणाचं लग्न जमेना, कुणाचा पोरगा मिलिटरी भरतीला निघाला, की रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं. आणि ते घालायचं मामांनीच, म्हणजे आमच्या सासऱ्यांनीच. नारळ हातात घेऊन, देवापुढं उभं राहून, खणखणीत आवाजात. बाकीचे लोक ‘बरं कर देवा’ म्हणून मोकळे होतात. मामांना ते पटत नाही. मोघम सांगितल्यावर देव तरी काय करणार, असं त्यांचं म्हणणं. आडवं कोण येतंय, त्याचं नाव काय, त्याचं काय व्हावं, सगळं देवाला नीट समजावून द्यायचं. एकदा तर बेळगावच्या कुठल्याशा साहेबाची बदली कोणत्या तालुक्यात व्हावी, तेही त्यांनी परस्पर ठरवून देवाला कळवलं होतं.

मी बेळगावात शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे या प्रकाराला मी हसायची. तोंडावर नाही, स्वयंपाकघरात.

माझ्या दिराची मुलगी दिपाली. चारशे मीटर पळते. मामांची ती नात म्हणजे काळजाचा तुकडा. गेल्या वर्षी आशियाई स्पर्धेत श्रीलंकेच्या हाशिनी नावाच्या मुलीनं तिला अगदी शेवटच्या क्षणी मागं टाकलं आणि दिपालीचं पदक गेलं. गावानं हे मनावर घेतलं. शेजारचा मष्णू तर म्हणायचा, ‘‘लंकेनं आपल्याला रामाच्या काळापास्नं छळलंय!’’ हाशिनीचा पेपरातला फोटो बघून बायका बोटं मोडायच्या. खोटं कशाला बोलू, मलाही ती मुलगी डोळ्यांसमोर नको होती.

मग एक दिवस सरावाच्या शिबिरातून दिपालीचा फोन आला. ‘‘आज्जा, आशियाच्या टीममधनं पळाय निवडलंय मला. रिले हाय. रवळनाथाला तेवडं सांगा.’’

आशिया म्हणजे पुन्हा तीच गेल्या वर्षीची स्पर्धा, असं आम्ही सगळे धरून चाललो. कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आमच्या सीमाभागात दुकानाची पाटी मराठीत की कन्नडमध्ये, यावरूनही दोन बाजू पडतात. आपले कोण आणि समोरचे कोण, एवढंच आम्हाला लहानपणापासून कळतं. समोरचा माणूस कधी आपल्याच अंगावरचा शर्ट घालून उभा राहील, हे डोक्यात येणार तरी कुठून?

मामांनी गाऱ्हाणं घातलं. ‘‘बा रवळनाथा, तुज्या लेकराच्या आडवी ती लंकेची हाशिनी येतीया. तिला म्होरं जाऊ देऊ नगंस. ऐन टायमाला तिचा पाय आडकू दे, आन् आमच्या दिपालीला यश दे!’’ सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

शर्यत रविवारी होती, परदेशात. तिकडं दुपार, इकडं संध्याकाळ. सोप्यात टीव्हीपुढं अर्धं गाव जमलं. एकेक संघ मैदानात येऊ लागला. आफ्रिका, युरोप, अमेरिका. शेवटी आशिया. दिपाली दिसली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्या मधेच थांबल्या. दिपालीच्या खांद्यावर हात टाकून, तिच्यासारखीच जर्सी घालून, हाशिनी हसत चालत होती.

‘‘ही हितं काय करतीया?’’ मष्णू ओरडला.

पडद्यावरचं वाचून मला उलगडा झाला. अख्ख्या आशियाचा मिळून एक संघ होता. चार देशांच्या चार मुली. समोर दुसरे खंड. तिसरी पळणार हाशिनी. ती दिपालीच्या हातात बॅटन देणार आणि मग शेवटचा टप्पा दिपाली पळणार.

मी ते समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकलं. ‘‘म्हंजी ती नीट पळली तरच आमची पळणार?’’

‘‘व्हय मामा.’’

‘‘थांबवा रं,’’ ते म्हणाले, ‘‘देवळात जाऊन येतो, माघारी घेतो.’’ ते उठून दारापर्यंत गेले आणि तिकडं पिस्तूल वाजलं. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

पहिल्या दोघी छान पळाल्या. हाशिनीनं बॅटन घेतली तेव्हा आशिया दुसरा होता. शेवटच्या वळणावर ती पुढच्या मुलीला गाठायला गेली, तिचा पाय त्या मुलीच्या टाचेत अडकला, आणि ती तोंडावर आपटली.

पडद्यावर दिपालीचा मागं केलेला रिकामा हात दिसत होता. दाराकडं बघायची सोप्यात एकाचीही हिंमत झाली नाही. हाशिनी उठली, एक पाय ओढत आली आणि बॅटन दिली. दिपाली जीव तोडून पळाली. आशिया शेवटचा आला.

त्या दिवसापासून मामांनी गाऱ्हाणं बंद केलं. लग्नाचं वऱ्हाड देवळाच्या पायरीवरून परत गेलं, तरी मामा गेले नाहीत. मी त्यांना मोबाइलवर शर्यत सावकाश करून दाखवली. म्हटलं, गर्दीत पाय लागतात, मामा, यात देवाचा काय संबंध?

‘‘पाय आडकला का न्हाय?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आडकला’’ म्हटलं. ‘‘मी ह्योच शबूद सांगितलता.’’

इतकी वर्षं विज्ञान शिकवतेय, पण मी मोबाइल बंद करून ठेवला.

दिपाली घरी आली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत मामांनी तिला सगळं सांगून टाकलं. ऐकून ती हळूच म्हणाली, ‘‘आज्जा, शर्यत झाल्यावर ती माज्या गळ्यात पडून रडलती. सॉरी सॉरी म्हणत हुती. माज्यामुळं तुजं मेडल गेलं म्हणाली.’’

‘‘तिनं? तुला?’’ मामांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, ‘‘लाव तिला फोन.’’

व्हिडिओवर हाशिनी आली. पाय प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. म्हातारा माणूस दिसल्याबरोबर तिनं हसून हात जोडले आणि मान खाली घातली. आशीर्वादासाठी मामांचा हात वर होईना. ‘‘आदी तिला खरं सांग,’’ ते म्हणाले.

‘‘मी न्हाय सांगत, आज्जा.’’

‘‘सांग म्हंतो न्हवं!’’

दिपालीनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. देव, नाव, पाय, सगळं. हाशिनीची मान वर आली. हसू गेलं. मला तर तिथून उठून पळून जावंसं वाटलं. त्या गाऱ्हाण्याला हात मीही जोडले होते.

मग ती काहीतरी बोलली. दिपालीला हुंदका आवरेना, म्हणून मीच मराठीत सांगितलं. ‘‘मामा, ती म्हणतेय, डॉक्टर पुन्हा पळता येईल की नाही ते सांगत नाहीत. पण तुमच्या देवाला आता तिचं नाव ठाऊक झालंय. तर पाय बरा कर म्हणून तुम्हीच त्याला सांगा.’’

मामांनी दिपालीच्या हातातला फोन दोन्ही हातांनी घेतला.

‘‘फोन ठेवू नगं म्हणावं तिला,’’ ते म्हणाले. ‘‘फोनच्या म्होरंच ऱ्हा म्हणावं, देवाला तोंड दिसू दे.’’

आणि भर उन्हात, अनवाणी, त्या पोरीला हातात धरून मामा देवळाकडं निघाले.