विहिरीतलं इंजिन

काकासाहेब वाळूजच्या कंपनीत फिटर झाला त्याला बरीच वर्षं होत आली होती. दर मे महिन्यात रजा टाकून तो बायकोला, मनकर्णाला, घेऊन कन्नडजवळच्या आपल्या गावी यायचा. तिथली मोसंबीची बाग थोरला भाऊ बद्रीनाथ सांभाळायचा. घरात काकासाहेबाला कुणी काही कमी पडू देत नसे. पण बागेतलं कुणी काही विचारतही नसे. पाणी कधी द्यायचं, कुठलं झाड काढायचं, हे बोलणं तो जवळ आला की थांबायचं.

"पाव्हणाच झालो गं मी," तो मनकर्णाला म्हणायचा.

या वर्षी मात्र एसटीतून उतरले तर बद्रीनाथ फाट्यावरच उभा.

"कंपनीत एवढ्या मशिनी हाकतोस," तो म्हणाला, "आमचं एक डबडं तरी हाकून दाव."

विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं होतं, की काठावरच्या डिझेल इंजिनाला ते ओढेना. म्हणून बद्रीनाथनं माणसं लावून इंजिनच विहिरीत, खडकाच्या टप्प्यावर उतरवलं होतं. तिथं ते सुरू व्हायचं आणि थोड्या वेळात आपोआप बंद पडायचं. मोसंबीची पानं वळायला लागली होती.

काकासाहेब चहालाही थांबला नाही. मनकर्णा मागोमाग गेली. विहिरीच्या कपारीत राहणारे पारवे लिंबावर चोची उघड्या टाकून बसले होते. एवढ्या उन्हातही एकही आत जाईना.

"ही पाखरं आत का जाईनात?" तिनं विचारलं.

"इंजिनाच्या आवाजाला भेतेत," बद्रीनाथ म्हणाला.

"ते तर सकाळपासून बंदच हाय ना?"

"तुझी बायको बी कंपनीतच हाय का रं? लई तपासणी करती."

काकासाहेब हसला. तरी तिनं बैलाचा दोर आणला आणि त्यानं तो कमरेला बांधेपर्यंत त्याच्या वाटेतून हलली नाही.

"अन् बोलत राहा," ती म्हणाली.

तो उतरला. हँडल फिरलं, इंजिन धडधडलं. काळा धूर वर येता येता मध्येच रेंगाळला. पाटाला पाणी आलं. गडी मुंजाबा दारं धरायला, पाणी झाडांकडं वळवायला पळाला. आणि इंजिन घुसमटल्यासारखं होऊन बंद पडलं.

"डिझेलच्या नळीनं एअर घेतली असंल," खालून आवाज आला. "काढतो."

"आधी वर या."

"आलो."

काही वेळानं तिनं पुन्हा हाक मारली.

"आलो."

तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही. लिंबाला बांधलेल्या दोराला एकदम ओढ बसली.

बद्रीनाथनं चपला काढल्या, पायरीवर पाय ठेवला. ज्याच्यासमोर तिनं डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, त्या दिराचा सदरा मनकर्णानं मुठीत धरला.

"दादा, उतरू नका. खाली धूर कोंडलाय. वढा."

मुंजाबा धावत आला. तिघांनी ओढून काकासाहेबाला वर घेतलं. चेहरा लालबुंद झाला होता. हँडल मुठीतच होतं. बोटं एकेक करून सोडवावी लागली. लिंबाखाली बऱ्याच वेळानं त्याला उलटी झाली आणि त्यानं डोळे उघडले.

संध्याकाळी बद्रीनाथ त्याच्या खाटेवर, पायाशी बसला.

"झाडांच्या दोन वळी भिजल्या," तो म्हणाला.

"थोडं थोडं चालवायचं," काकासाहेबाचा घसा बसला होता. "मधी गार होऊ द्यायचं. सकाळी उतरतो."

"जमंल तुला?"

"मला नाय तर कुणाला जमंल?"

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मनकर्णाला बघवेना. ती उठली. कोपऱ्यातलं हँडल पदराआड घेऊन विहिरीवर गेली आणि तिनं ते आत सोडून दिलं. आवाज यायला वेळ लागला.

सकाळी बद्रीनाथनं हँडल घरभर शोधलं. काकासाहेबानं एकदाच बायकोकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"कन्नडला मिळंल," बद्रीनाथनं फटफटी बाहेर काढली.

"मी बी येतो. माप बघून घ्यावं लागंल."

"बस."

तो भावाच्या मागं बसला, त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"दोन घेऊ, दादा," तो म्हणाला. "एक जादाचं असू दे."