वीस अंशांची थंडी

माझे थोरले दीर पुण्याला इंजिनिअर. एकदा मनालीला जाऊन आले, त्यानंतर थंडी या विषयावर बोलायचा हक्क फक्त त्यांनाच. आमच्या गावी, तोंडवलीत, कुणी चादर ओढली तरी ते हसायचे.

त्या जानेवारीत त्यांना आईचा होडीतला फोटो हवा होता. पहाटेच्या धुक्यात, सूर्य वर येताना. सासूबाई सत्तरीच्या. स्वेटर घालून निघाल्या, तर म्हणाले, "आई, तो काढ. फोटोत गबाळं दिसतं. वीस अंश आहे, याला थंडी म्हणत नाहीत." त्यांच्या घड्याळात तापमान दिसायचं आणि आईपेक्षा त्या घड्याळावर त्यांचा विश्वास. स्वतः मात्र जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बसले.

होडी माझ्या नवऱ्याने काढली. थोड्याच वेळात सासूबाईंचं सुती लुगडं धुक्याने ओलसर होऊन अंगाला चिकटलं. होडीचा वारा वेगळाच.

"माका थंडी वाजता रे," त्या म्हणाल्या.

"वाटते तुला. इकडे बघ, हस."

मी बारावीपर्यंत शास्त्र शिकलेय. कोरड्या कपड्याच्या धाग्यांत हवा अडकते, ती ऊब धरून ठेवते. कपडा ओला झाला की तिथे पाणी येतं आणि ते अंगातली ऊब ओढून घेतं. वाऱ्याने सुकायला लागलं की आणखी ओढतं. घड्याळ हवा मोजतं, अंगावरचं ओलं लुगडं मोजत नाही. हे मी दिरांना सांगितलं. ते कौतुकाने हसले, पोपट बोलल्यावर हसतात तसे.

तेवढ्यात सासूबाईंचे दात वाजायला लागले. "भावोजी, तुमचा जाकीट तेंका द्या," मी म्हटलं.

"अगं, मग मला सर्दी होईल."

वीस अंशांत.

नवऱ्याने होडी वळवली. दीर मागून ओरडत राहिले, अजून सूर्य यायचाय म्हणून. घरी आणून मी सासूबाईंचं लुगडं बदललं, चुलीपाशी बसवलं. चहाचा कप त्यांच्या बोटांत ठरेना, मीच धरला.

"तेका कळाक नाय गो," त्या मला म्हणाल्या. "मनान वायट नाय तो."

त्या आई होत्या, त्यांना तसं म्हणणं भाग होतं. मला नव्हतं. दुपारी त्यांनी दिरांसाठी सुरमई तळायला सांगितली. मी दिरांना भाताची पेज वाढली.