पूल वाहून गेला म्हणून

अंबूबाईनं जन्मात दोनच पिक्चर पाहिले होते आणि दोन्ही वेळा मध्येच तिला झोप लागली होती. अशी बाई सिनेमात आई झाली म्हटल्यावर बीबी गावच्या बाजारात लोक हसले. हसू द्या! ती कशासाठी तयार झाली, हे त्या हसणाऱ्यांना कुठं ठाऊक होतं?

तिचं आयुष्य चारचौघींसारखंच. लोकांच्या वावरात निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी. नवरा उत्तमराव गवंड्याच्या हाताखाली. एकुलता एक पोरगा प्रसेनजित, सुरतेला कारखान्यात. चार वर्षांपूर्वी उत्तमराव वारला, तेव्हा हा पठ्ठ्या जलदान विधी आटोपल्यावर उगवला, आणि तोही पिऊन. अंबूबाईचं डोकंच फिरलं. भरल्या पाहुण्यांत ती ओरडली, "जाय इथून! तुले या घराचं दार नाही आता!"

पोरगा उंबऱ्यातूनच फिरला. त्यानंतर ना फोन, ना निरोप, नंबरही बदललेला. अहो, रागाच्या भरात माय काय काय बोलते! पण बोललेलं परत घ्यायचं तर कुणाच्या हाती निरोप धाडायचा? चार वर्षं बाई आतल्या आत कुढत होती.

अशात शकूर टेम्पोवाल्यानं सिनेमावाले गावात आणले. त्यांना आईच्या कामाला उन्हात रापलेली, गावातलीच बाई पाहिजे होती. शकूरनं तिला गोष्ट सांगितली. "मावशी, रुसून गेलेला पोरगा असते. तो एसटीनं वापस येते अन् माय त्याले पोटाशी धरते. बस, एवढंच."

"हे मोबाइलवर दिसन?"

"साऱ्या दुनियेत दिसन."

"सुरतेतबी?"

"हाव, सुरतेतबी."

मग काय विचारता! तिनं कागद न वाचताच सही ठोकली. पोरगा कधी ना कधी मोबाइलमध्ये बघेल, माय दार उघडून उभी आहे हे त्याला कळेल, तिला एवढंच हवं होतं. बारा दिवस तेच एक विटकरी लुगडं नेसून तिनं सांगतील ते केलं. चूल फुंकली, पाणी भरलं, रस्त्याकडे डोळे लावून बसली. पोटाशी धरण्याचा सीन तेवढा शेवटी ठेवला होता.

आणि परतीच्या पावसानं नाल्यावरचा पूल नेला. एसटी पलीकडूनच वळून जायला लागली. डायरेक्टर पोरगा पुण्याचा. तो तुटक्या पुलाजवळ बराच वेळ उभा राहिला आणि एकदम खूश झाला. "आता खरी गोष्ट सापडली! मुलगा पलीकडे उतरतो, आई अलीकडे. ती त्याला बघते आणि पाठ फिरवून घरी जाते. गावाकडची आई अशीच असते, कणखर. हा पूलच आपल्याला सांगतोय!"

पूल काय सांगणार, कप्पाळ! ठेकेदारानं सिमेंट किती घातलं होतं, तेवढं सांगत होता.

अंबूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "काऊन फिरवू मी पाठ? लेकरू त्या काठाले उभं अन् माय घरी जाते? अशी कोणती माय असते बाप्पा? अन् पाणी हाय केवढं, गुडघ्याएवढं! पूल नव्हता तवा आम्ही उतरूनच जात होतो. मी जातो ना पाण्यातून त्याच्याकडे!"

"आजी, मग पूल तुटल्याला अर्थच उरत नाही."

ती खाली दगडावर बसली. "मंग मले नाही करायचं."

सगळ्यांनी विनवण्या केल्या, पण बाई हलली नाही. शेवटी डायरेक्टर गोड आवाजात म्हणाला, "राहू द्या. फक्त आमचं लुगडं तेवढं द्या." तिनं ते नीट घडी घालून दिलं आणि सुटल्यासारखी घरी गेली. तिला वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी तेच लुगडं शेजारच्या तानुबाईला नेसवलं. दोघी एकाच अंगकाठीच्या. "कॅमेऱ्याकडे पाठ करून घरापर्यंत चाला," म्हणाले. ती बिचारी चालली. कशासाठी, हे तिला कुणी सांगितलं नाही.

पाच महिन्यांनी पिक्चर मोबाइलवर आला. दिराची नात समीक्षा फोन घेऊन धावत आली. पडद्यावर अंबूबाई रस्त्याकडे बघत होती, ते आधीच काढलेलं तिचंच तोंड होतं. पलीकडे पोरगा उभा. आणि मग ती पाठ, घराकडे चालत निघालेली.

"हे मी नाही वं! हे तानुबाई हाय!"

"पण आजी, तूच तर दिसून राह्यली."

सारा गाव तेच म्हणत होता. काय काम केलं अंबूबाईनं, डोळ्यांत पाणी आणलं! ती दारोदार सांगत सुटली आणि लोक तिला नम्र म्हणू लागले. शकूर मान खाली घालून म्हणाला, "मावशी, माह्या हाती काय होतं?"

एप्रिलच्या सुरुवातीला भरदुपारी समीक्षाच्या फोनवर अनोळखी नंबर आला. "आजी, प्रसेनकाका!"

अंबूबाईनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला. चार वर्षांनी तो आवाज!

"माय, पिच्चर पाह्यला मी."

"बाबू, ऐक, ते मी नाही रे, ते तानुबाई..."

"राहू दे माय. तवाबी तू घराचं दार नाही म्हणली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीले येणार होतो, शेगावपर्यंतचं रेल्वेचं तिकीटबी काढलं होतं. समजलं मले."

फोन कटला. समीक्षानं पुन्हा लावला, पुन्हा लावला. नंबर बंद. अंबूबाई तशीच अनवाणी धावली आणि पिठाच्या हातांच्या तानुबाईला ओढत घेऊन आली. "तू सांग त्याले! तूच होती म्हणून सांग वं!"

"आजी, फोन बंद हाय," समीक्षा म्हणाली.

तानुबाईनं तरी फोन हातात घेतला. "प्रसेन, मी होती रे ते. तुयी माय नव्हती. मी होती." अंबूबाई तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मोठ्यानं बोल."