डाव्या हाताची तुरपाई

कुलपं उघडण्यात त्या घराचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. बाप किल्लीवाला, मुलगा किल्लीवाला. बापाने मुलाला एकच धडा घोटून घोटून शिकवला होता: दार फोडतो तो हमाल, कारागिराने आवाज न करता उघडायचं. आणि मुलगा इतका पक्का शिकला की त्या दुपारी तेच म्हाताऱ्याच्या अंगाशी आलं. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर खांद्याने धक्के मारून दार फोडावं लागलं असतं, आणि त्या हादऱ्यात बिचाऱ्याला अंगावर निदान चादर तरी ओढता आली असती.

झालं असं की बाबा सोडून सगळी मंडळी, दादा, वहिनी आणि दादाची धाकटी बहीण, वहिनीच्या माहेरी निघाली होती. पोरं शाळेतून परस्पर मावशीकडे जाणार होती. धाकटीनेही आपलं शिवणाचं दुकान बंद ठेवलं होतं. हे दुकान मुळात आईचं. आई गेल्यापासून तीच चालवायची. पण बस वाटेतच बंद पडली आणि सगळे हात हलवत परत आले. वहिनी बाबांना चहा विचारायला वर गेली तर खोलीला आतून कुलूप. हाक मारली, कडी वाजवली, फोन केला. आतून फोनची रिंग ऐकू येत होती आणि माणूस मात्र उठत नव्हता.

"अहो, वर या! बाबा ओ देत नाहीत!" वहिनी जिन्यातून ओरडली तशी धाकटी हातातलं टाकून वर धावली. आई अशीच गेली होती, दुपारची, चहाच्या वेळेला. दादा दोन-दोन पायऱ्या चढत आला, खिशातली तार कुलपात घातली, आणि पापणी लवायच्या आत दार उघडलं. बिजागरीसुद्धा कुरकुरली नाही. तेल त्यानेच घातलं होतं ना!

बाबा आरशासमोर उभे होते. अंगात निळा झगा, पार पोटऱ्यांपर्यंत. गळ्यात मोत्यांची माळ. कानात डूल, आणि त्या डुलांसाठी काढून ठेवलेलं ऐकायचं यंत्र टेबलावर. म्हणून ओ नव्हती! आणि या सगळ्यावर ती भरघोस पांढरी मिशी, जिच्यावरून गल्लीतली पोरं त्यांना 'मिशाळ मामा' म्हणायची.

दादाच्या हातातली तार गळून पडली. वहिनीने तोंडावर पदर... छे, पदर कुठला, हातातली पर्सच तोंडावर धरली. धाकटीला तर आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो. मग आरशात बाबांचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले आणि ती एक पाऊल मागे सरकली. जन्मभर ओळखीचा माणूस, आणि क्षणभर तिला त्याची भीती वाटली.

बाबांनी हळूच यंत्र कानात घातलं. डूल काढायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

"हे काय चाललंय?" दादाचा आवाज फाटला. "या वयात? म्हातारचळ लागलाय का तुम्हाला? खाली माझं दुकान आहे! लोक मला घराच्या किल्ल्या देतात, विश्वासाने! उद्या कळलं तर तोंड कुठे लपवू मी?"

वहिनी तशी समजूतदार. घरात भांडी आपटायला लागली की तीच मधे पडते. ती चाचरत म्हणाली, "असं बघा, सासूबाईंची आठवण येत असेल हो त्यांना. एकटं माणूस, डोक्यावर परिणाम होतो. तसंच ना, बाबा? त्यांची आठवण आली म्हणून घातलं ना?"

वाट काढून दिली होती. नुसती मान हलवायची होती. दुःखाने म्हातारा थोडा सरकला, डॉक्टरला दाखवू, गोळ्या देऊ, मिटलं. धाकटी मनातल्या मनात म्हणत होती, हलवा मान, बाबा, हलवा ना एकदाची!

"नाही," बाबा म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून आहे हे. तिला माहीत होतं."

"मेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नका!" दादा कडाडला. "माझी आई असलं काही खपवून घेणारी नव्हती. खोटं बोलताय तुम्ही!" त्याने कपाट उघडलं, मागच्या कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि पलंगावर उलटी केली. झगेच झगे. त्याने ते उचलून धाकटीच्या अंगावर फेकले. "कात्री तुझ्या हातातली आहे. सगळे काप, पुसायला चिंध्या कर. आणि बाबा, हे परत या घरात दिसलं तर तुम्ही तुमची सोय दुसरीकडे बघा. माझी पोरं वाढतायत इथे."

शिंपीण झाली तरी माणूसच. धाकटीच्या पर्समध्ये कात्री होती, कायम असायची, आणि तिने ती खरंच बाहेर काढली. तिला राग आला होता, प्रचंड. आईचे कपडे उसवून, फाडून यांनी स्वतःला बसवून घेतले असणार. आईचे! तिने वरचा राखाडी झगा ओढला आणि कुठून कापावा म्हणून सवयीने उलटा केला. शिंपी माणूस कापड सुलटं बघतच नाही.

उसवल्याची खूण कुठेच नव्हती. जुन्या टाक्यांची भोकं नाहीत, जोड नाही. खांदे मुळातच रुंद बेतलेले, एक खांदा किंचित उतरता, हत्यारांची पेटी वाहून बाबांचा उतरलाय तसा. शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना भरपूर कापड राखलेलं. असं कापड आई गिऱ्हाइकाला कधी सोडायची नाही. ते फक्त घरच्यांसाठी, पुढे अंग भरलं तर वाढवता यावं म्हणून. धाकटीचा हात थांबला. तिने खालचा घेर वर घेतला.

तुरपाईचे टाके उलट्या बाजूला झुकलेले होते. आई डावखुरी होती.

"दादा," ती म्हणाली आणि घेर त्याच्यापुढे धरला. "दादा, हे आईने शिवलंय."

"काहीतरीच!"

"बघ ना! तुझ्या शाळेच्या सगळ्या चड्ड्यांना अशीच तुरपाई होती. बघ!"

दादाने कापड हातात घेतलं आणि अंगठा टाक्यांवरून फिरवला. लहानपणी मास्तर रागावले की तो बाकावर बसून चड्डीच्या कडेवरून असाच अंगठा फिरवायचा.

धाकटी घेर फिरवत गेली. अर्ध्याच्या जरा पुढे आईचे टाके संपले होते. तिथून पुढे वेडेवाकडे, लांबच लांब टाके, आणि सरळ बाजूला झुकलेले.

"हे कोणी?"

"मी," बाबा म्हणाले. "दवाखान्यातून आली तेव्हा तुझी आई हा घेऊन बसली. तिला दिसत नव्हतं धड, मी दोरा ओवून द्यायचो. मग ती गेली, हा राहिलाच. राहिलेला मी केला. तुझ्यासारखं नाही येत मला."

आता मात्र धाकटीला रडू फुटलं, आणि ते रडूसुद्धा रागाचंच. याच आईने तिचा हात हातात घेऊन पहिली शिवण घालायला शिकवली होती. एकाच मशीनवर दोघींनी जन्म काढला. आणि हे झगे कधी बेतले, कधी शिवले, हिला पत्ता नाही! "मला का नाही सांगितलं तिने? मी परकी होते का?"

"तिला सांगायचं होतं गं. मागेच लागली होती माझ्या, पोरीला कळेल म्हणे. मीच शपथ घातली."

"का पण?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "आत्ता बघते आहेस ना माझ्याकडे, तशी बघशील म्हणून."

धाकटीने नजर खाली केली. दुसरी कुठली नजर आणायची, तिला खरंच कळेना. मिशी, डूल, निळा झगा; अजूनही तिला वर बघवत नव्हतं. खालच्या दाराशी पोरांचा गलका ऐकू आला. मावशीने लवकर आणून सोडलं होतं. "आजोबाऽ!" करत पोरं जिन्याकडे धावली.

वहिनी पळाली त्यांना अडवायला. दादा उंबऱ्यापर्यंत गेला आणि पाठमोराच थांबला. राखाडी झगा अजून त्याच्या हातात होता. त्याने तो मागे न बघताच धाकटीकडे दिला.

"आतून कडी लावून घे," तो म्हणाला. "कुलूप नको. कुलूप उघडतं. कडी मलासुद्धा बाहेरून उघडता येत नाही."

दार ओढून तो जिना उतरला. धाकटीने कडी सरकवली, डोळे पुसले, आणि पर्समधून सुई काढून बाबांच्या हातात दोऱ्यासकट दिली.

"ओवून द्या," ती म्हणाली. "अर्धा घेर पार वाकडा करून ठेवलाय तुम्ही."